वाघोबापुढचं गाऱ्हाणं

मीराबाईनं वाघ कधी बघितला नव्हता. पण वाघानं मीराबाईच्या नवऱ्याला बघितलं होतं, आणि बघून तो घाबरला होता. ही गोष्ट माहीत नसलेलं माणूस भोईवाड्यातल्या भिकाजी चाळीत शोधायचं तर पाळण्यात शोधावं लागलं असतं. धोंडू मिलमधल्या चार दोस्तांबरोबर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेला, तुळशीच्या तळ्याकाठी विडी पेटवायला बसला, मागनं वाघ आला, आणि धोंडूनं त्याला कानाला धरून तळ्यात तोंड धुवायला लावलं. कान डावा. कधीही विचारा, डावाच. वाघाची लांबी मात्र दरसाल वाढायची. गेल्या दिवाळीत ती डबल-डेकरच्या पुढे गेली होती.

असल्या गोष्टी तिच्याकडे पोत्यानं होत्या. हिंदमाताला पाणी भरलं त्या साली म्हणे चाळीच्या जिन्यात बांगडे चढले. तिनं ते पदरात धरून त्यांचं तिखलं केलं, अख्ख्या चाळीला वाढलं, तरी टोप रिकामा होईना. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. मोठी माणसं हसायची. मीराबाई स्वतः हसायची नाही, गळ्याला हात लावून शपथ घ्यायची.

पण त्या रविवारी सकाळी, नॅशनल पार्काला निघालेल्या चाळीच्या पिकनिकच्या बसमध्ये, खिडकीशी बसलेली मीराबाई गप्प होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि ती खरी होती.

चाळ पडणार होती, जागी टॉवर येणार होता. खोली ज्याच्या नावावर, त्यानं सोमवारपर्यंत बिल्डरला एक फॉर्म भरून द्यायचा होता: खोलीत राहणाऱ्या माणसांची नावं. फॉर्मात ज्याचं नाव, त्याचा नव्या घरात पाय. मीराबाई अठ्ठेचाळीस वर्षं ज्या खोलीत राहत होती, ती धोंडूच्या नावावर कधीच नव्हती. थोरल्या दिरांच्या नावावर होती. धोंडू गेला, मग दीर गेले, तशी ती दिरांच्या मुलाच्या, हितेंद्रच्या नावावर आली. मीराबाईला स्वतःचं मूल नाही. हितेंद्र दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, नववीत नापास झाला तेव्हा बापाच्या पट्ट्यापुढे उभं राहणं, सगळं हिनं केलं. तो तिला काकी म्हणायचा. ताप चढला की आई म्हणायचा.

पंधरा दिवस ती विचारत होती, "हितू, फॉर्मात माझं नाव घातलंस?"

आणि पंधरा दिवस बेचाळीस वर्षांचा हितू म्हणत होता, "बघू ना काकी. टेन्शन नको घेऊस."

त्याची बायको मेघना तेवढंही बोलायची नाही. ती फक्त फोनवर बहिणीला सांगायची, "अक्षदाची दहावी आलीय गं, नव्या घरात तरी तिला अभ्यासाला जागा नको का?" मध्ये फक्त पडदा. पडद्याला कान नसले तरी मीराबाईला होते.

बसमध्ये रामदास गात होता. रामदास म्हणजे चाळीतला एकसष्ट वर्षांचा पोरगा. भजन म्हणा, आरती म्हणा, चाळीचा आवाज तोच. दादर सोडायच्या आतच त्याची नऊ गाणी झाली होती. तो दम घ्यायला थांबला की मीराबाई खिडकीतनं मान वळवायची.

"रामदास, थांबलास काय रे? आणखी एक होऊन जाऊ दे. वरच्या पट्टीतलं."

"मीरावैनी, घसो बसात गो."

"तुझा बसतोय! तुझ्या गळ्यात मिलचा भोंगा बसवलाय मेल्या."

रामदास फुलला आणि परत सुरू झाला. बस पार्काच्या गेटवर पोचली तेव्हा त्याच्या गळ्यातनं फक्त वारा येत होता. मीराबाईनं ते नीट ऐकलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा रंग आला.

हितेंद्र त्या दिवशी नुसता मधात घोळलेला होता. काकीला टोपी घातली. काकीच्या पाण्यात ग्लुकोज टाकलं. रस्त्याकडेला चितळांचा कळप दिसला तर काकीच्या खांद्यावर हात ठेवून दाखवला, "ते बघ, ठिपकेवालं." सफारीच्या जाळीवाल्या बसमध्ये तर त्यानं एका बाईशी भांडून काकीला पुढची सीट मिळवून दिली. एरवी हा माणूस घरात पाणी मागितलं तरी मोबाइलवरनं नजर काढत नसे.

वाघ झोपला होता. चाळीकडे पाठ करून, शेपूट बाजूला टाकून, जेवणानंतर पंख्याखाली झोपलेल्या कारकुनासारखा.

"वैनी," रामदास घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ह्येचो डावो कान बघ गो. वाकडो दिसता काय?"

बस हसून हलली. मीराबाई शांतपणे म्हणाली, "तो ह्याचा आजोबा. हा पोर आहे. ह्याला घरात सांगितलंच नसेल, लाजेपोटी."

"आणि तळं कुठंय काकी?" मेघनानं विचारलं. "जिथं तोंड धुतलं ते?"

ड्रायव्हरनंच उत्तर दिलं. तुळशीचं तळं आत आहे, तिकडे पब्लिकला सोडत नाहीत, कान्हेरीच्या वरनं दिसतं. त्या एकाच रविवारी धोंडू इथं आला होता, तोही तिला घरी ठेवून. ‘पुढच्या खेपेला तुला नेतो,’ म्हणाला होता. मग संप झाला, मिल बंद झाली, आणि पुढची खेप तशीच राहिली. तो परत आला तेव्हा त्याला सर्दी झाली होती, एवढंच काय ते नॅशनल पार्कातनं घरी आलं. वाघ तिनं नंतर घातला.

दुपारी झऱ्याकाठी झाडांखाली सतरंज्या पडल्या. वडे निघाले, कोंबडीचा डबा निघाला, माकडं फांद्यांवर ओळीनं येऊन बसली. तिथंच एका मोठ्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. जवळच्या पाड्यावरची एक बाई काकड्या विकत होती, तिनं सांगितलं, हा वाघोबा. आम्ही त्याला मानतो.

वाघोबा म्हटल्यावर मालवणी माणूस गाऱ्हाण्याशिवाय जेवायला बसेल? गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलणं. एकानं पुढं उभं राहून एकेक मागणं मागायचं, आणि दर मागण्याला बाकीच्यांनी एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गणपती आणताना, बस गावाला निघताना, क्रिकेटची मॅच असली तरी. चाळीत जन्मल्यापासून सगळ्यांच्या जिभेला ते इतकं बसलेलं की ऐकायची गरजच नाही. म्हणणाऱ्याचा सूर खाली आला की तोंडं आपोआप उघडतात.

रामदास पुढं झाला, गाऱ्हाण्यासाठी सोबत आणलेला नारळ उचलला, तोंड उघडलं. आतनं काहीच आलं नाही.

"आता?" कोणीतरी म्हणालं. "गाऱ्हाणं कोण घालणार?"

"मी घालते," मीराबाई म्हणाली.

"बाईमाणूस?" रामदासनं हातानंच विचारलं.

"चाळीस वर्षं माझा नवरा घालत होता. त्याला आठवायचं नाही तेव्हा मागनं कोण सांगत होतं? दे हिकडे." तिनं नारळ घेतला. "भूक लागलीय ना सगळ्यांना? मग उभे राहा."

भूक लागली होती. सगळे उभे राहिले. हितेंद्रच्या हातात वडा होता, तो त्यानं पाठीमागं लपवला. एकटी संघमित्रा जरा बाजूला, डब्यांपाशी राहिली. ती पहिल्या मजल्यावरची, एका लॅबमध्ये नोकरी करणारी मुलगी. तिच्या घरात बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर. चाळीच्या देवकार्यात ती वाढायला पुढं असायची, पण हात जोडायची नाही, आणि तिला कोणी सांगतही नसे.

मीराबाईनं घसा साफ केला.

"बा जंगलातल्या वाघोबा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज भोयवाड्याची भिकाजी चाळ तुझ्या दाराक इली असा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंच्या डब्यांक माकडाचो हात लागाक देव नको रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" हे जोरात झालं.

"तुळशीच्या तळ्यार माझ्या घोवान, धोंडून, तुझ्या वाघाचो डावो कान धरललो, त्येचो राग मनात ठेव नको म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" म्हणता म्हणता अर्धे लोक हसून वाकले. हेच तिला हवं होतं. हसणारं माणूस सावध नसतं. ती सूर न मोडता पुढं गेली.

"ज्या झिलाची आवस गेली, तेका मी माझ्या हातान भरवलंय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तो हितेंद्र, नव्या घराच्या कागदार काकीचा नाव घालतलो म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

पन्नास माणसं. मेघनासुद्धा. आणि हितेंद्रचा आवाज मीराबाईला वेगळा ऐकू आला, खणखणीत, वडा गिळून मोकळ्या झालेल्या तोंडाचा.

"उद्याच्या सोमवारी घालतलो म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज जो व्हय म्हणतलो आणि उद्या फिरतलो, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. एका दणक्यात, सरळ दोन वाट्या.

जेवताना मीराबाईनं तीन वडे खाल्ले. डॉक्टरनं एकही सांगितला नव्हता. ती हितेंद्रच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"मग? उद्या किती वाजता जायचं फॉर्म द्यायला?"

"कसला फॉर्म?"

"आत्ता देवासमोर व्हय म्हणालास तो."

हितेंद्रचा घास तोंडातच राहिला. "मी कधी म्हणालो?"

"अरे! सगळ्यांनी ऐकलं. विचार ना. रामदास, मी काय म्हणाले गाऱ्हाण्यात?"

रामदासनं रस्सा ओरपला. "माकडा म्हणालंस," तो घशातनं म्हणाला. "आणि तो कान."

"आणि त्याच्यापुढं?"

"पुढं... देवाचाच कायतरी."

"नम्रता, तू तर माझ्या पुढ्यातच होतीस. ऐकलंस ना?"

"काकी, मी चटणी कुठं ठेवली तेच आठवत होते." नम्रता खरंच ओशाळली. "व्हय म्हटलं मी, शपथ. पण ऐकलं नाही."

मीराबाई एकेकाच्या सतरंजीवर गेली. कोणाला मूल सांभाळायचं होतं, कोणाला मोबाइलवर मेसेज आला होता, कोण म्हणालं, गाऱ्हाणं काय ऐकायचं असतं काय वैनी, ते म्हणायचं असतं. खोटं कोणी बोलत नव्हतं. पन्नास माणसांनी होकार दिला होता आणि एकाच्याही कानात काही पडलं नव्हतं.

"मी ऐकलं," संघमित्रा म्हणाली.

ती ताटं गोळा करत होती, ती खाली ठेवून उभी राहिली. "मला काही म्हणायचं नव्हतं, म्हणून मी ऐकत होते. मीराकाकी म्हणाल्या, हितेंद्र नव्या घराच्या कागदावर काकीचं नाव घालणार. उद्या, सोमवारी. आणि हितेंद्रदादा, तुम्ही होय म्हणालात. तुमचा आवाज सगळ्यात मोठा होता."

फांदीवरचं माकडसुद्धा खाजवायचं थांबलं. लोक आता हितेंद्रकडे बघायला लागले. मेघनाचे कान लाल झाले. मीराबाईनं मान ताठ केली. दोन मिनिटं, जास्तीत जास्त दोन, ती नव्या घरात राहत होती. तिला गॅलरीसुद्धा दिसली.

हितेंद्र हसला. तो हसणारच होता, त्याला तिनंच वाढवलं होतं.

"संघमित्रा, तू सगळं ऐकलंस ना? पहिल्यापासून?"

"हो."

"मग काका वाघाचा कान धरून होते, तेपण ऐकलंस?"

"...हो."

"त्यालापण मी होय म्हणालो. सगळेच म्हणाले. मग ते खरं काय?"

संघमित्रानं मीराबाईकडे बघितलं. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तेवढ्यापुरतं हो म्हणून गेली असती. पण ही मुलगी दिवसभर लोकांचे रक्ताचे रिपोर्ट देते. तिला जे आहे तेच सांगायची सवय.

"नाही," ती हळू म्हणाली. "ते खरं नाही."

"बास. मग एक थाप आणि एक खरं, असं कसं काढायचं त्यातनं? काकीचं गाऱ्हाणं आहे ते! बांगडे राहिले काकी, बांगडे घालायचे होतेस!"

आणि चाळ हसली. वाईट मनानं नाही, प्रेमानंच हसली, जशी चाळीस वर्षं हसत आली होती. कोणी तिच्या पाठीवर थाप मारली, कोणी म्हणालं, वैनी म्हणजे वैनीच. मीराबाई मध्ये उभी होती. ती म्हणत होती, "अरे, ते दुसरं खरं होतं रे... मी ते खरं म्हणत होते..." आणि ते वाक्य तिलाच नेहमीच्या शपथेसारखं ऐकू आलं. तिनं गळ्याकडे नेलेला हात खाली घेतला.

चार वाजता सगळे कान्हेरीच्या लेण्यांकडे गेले. हितेंद्रनं काकीचा हात धरून तिला वरपर्यंत चढवलं. एकेक पायरी, दर दहा पायऱ्यांना थांबत. "दम लागला तर सांग हां." वर कातळावर तिला सावलीत बसवलं, टोपीनं वारा घातला. लांब खाली, गर्द झाडीच्या मधोमध पाणी दिसत होतं. ना होडी, ना माणूस.

"ते तुळशी," हितेंद्र म्हणाला.

मीराबाईनं बघितलं. "लहान आहे," ती म्हणाली.

तो तिच्या शेजारी बसला. बराच वेळ कातळावरचा खडा बोटानं ढकलत राहिला.

"काकी, खालती जे झालं ते... मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडायला नको होतं."

"मग आता खरं पाड. उद्या घाल नाव."

"उद्या नाही होणार."

"का?"

"शुक्रवारीच दिला फॉर्म."

वारा होता म्हणून बरं. डोळ्यांत पाणी यायला कारण सापडलं. "माझं नाव?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मी इथंच राहतेय रे. अठ्ठेचाळीस वर्षं. रेशनकार्ड बघितलं नाही त्यांनी?"

"तिथं तुझं नाव नाहीये काकी. गावच्या कार्डावर आहे." तो घाईनं बोलायला लागला, "दोन वर्षांमागं आपण बदललं ना, मोठ्या आत्याच्या कार्डावर घातलं, तू गणपतीला दोन-दोन महिने तिकडे असतेस म्हणून. तू सही केलीस की. मी कार्डाचा फॉर्म आणला होता, तू भाकऱ्या करत होतीस..."

तिला आठवलं. पिठाचे हात होते. ‘कुठं करू?’ तिनं विचारलं होतं, आणि त्यानं बोट ठेवलं होतं, ‘हितं.’ वाचलं नव्हतं. हितू बोट ठेवतोय म्हटल्यावर वाचायचं काय? उलट सही करताना ती त्याला सांगत होती की तिची सही बघून एकदा बँकेचा मॅनेजर खुर्चीतनं उठून उभा राहिला होता.

"गावी घर आहे," हितेंद्र म्हणाला. "आत्या एकटी आहे, तुला सोबत होईल. मी येईन ना दर मे महिन्यात. आणि घर रेडी झालं की तू येऊन राहायचंस, पंधरा दिवस, महिना. तुझंच घर आहे."

"मग आज मला इथं कशाला आणलंस?"

तो गोंधळला. खरंच गोंधळला, त्याला यात विचारण्यासारखं काय ते कळेना. "तुला कधीपासून बघायचं होतं ना. काका नेतो म्हणाले होते."

मीराबाई तळ्याकडे बघत राहिली. लेण्यांच्या कट्ट्यावर चाळीतली माणसं फोटो काढत होती, रामदास बसक्या आवाजात कोणाला तरी हाक मारत होता. खाली जंगल सगळीकडे सारखंच हिरवं होतं. त्यात कुठं बिबटे होते, सांबरं होती, मोर होते, असं सगळे सांगत होते. तिला एकही दिसत नव्हतं.

"काकी," हितेंद्रनं तिचा हात हातात घेतला. लहानपणी फी भरायची विसरला की घ्यायचा तसाच. "रागावलीस?"

आयुष्यात तिला उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं. आताही चार सुचली. चारही खरी होती.

"नाय रे," ती म्हणाली.

त्यानं लगेच मानलं. त्याचा चेहरा एवढा मोकळा झाला की तो पुन्हा नववीतला दिसायला लागला. त्यानं खाली मेघनाला अंगठा करून दाखवला, ऑल ओके. मग उठला, लेण्यांपाशी बसलेल्या दुसऱ्या एका काकडीवालीकडे गेला, आणि काकीसाठी एक काकडी चिरून, वर मीठ-मिरची घालून घेऊन आला.

मीठ जास्त पडलं होतं. तो समोर उभा होता, म्हणून तिनं ती शेवटपर्यंत खाल्ली.